वाढत्या वयातील कोपर आणि फेकीचे खेळ

दिल्लीहून उत्तरेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर सुमारे नव्वद किलोमीटरांवर पानिपत लागते. मराठी वाचकाच्या मनात हे नाव १७६१ सालाशी कायमचे जोडले गेले आहे. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडणाऱ्या या जिल्ह्याला अलीकडच्या काळात आणखी एक ओळख लाभली. येथील खंडरा या गावी १९९७ साली जन्मलेल्या नीरज चोप्राने ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो येथे ८७.५८ मीटर भाला फेकून ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळविले. शेजारच्या सोनिपत जिल्ह्यातील सुमित अंतिलने त्याच वर्षी, त्याच शहरात, दिव्यांगांच्या स्पर्धेत भालाफेकीचेच सुवर्णपदक जिंकले. यमुनेच्या पलीकडील बागपत जिल्ह्यातील सचिन यादव २०२५ सालच्या जागतिक स्पर्धेत चौथा आला. १९८२ साली दिल्लीत भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत गुरतेजसिंगला मिळालेल्या कांस्यपदकाचेही केवढे अप्रूप वाटले होते, हे ज्यांना आठवत असेल त्यांना या बदलाचे मोल सहज कळेल. ॲथलेटिक्स महासंघाने ७ ऑगस्ट हा भालाफेक दिन म्हणून ठरविला, आणि त्यानंतर भाला हाती धरणाऱ्या मुलांची संख्या वाढत गेली.

ही आनंदाची गोष्ट खरी. परंतु या यशाच्या कथेतील एक प्रकरण सहसा वाचले जात नाही. ३ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. दिनशा पारडीवाला यांनी नीरज चोप्राच्या उजव्या कोपरावर शस्त्रक्रिया केली. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. त्या वर्षीची जागतिक स्पर्धा त्याला मुकावी लागली. पुढे २८ जानेवारी २०२० रोजी दक्षिण आफ्रिकेतील पोचेफस्ट्रूम येथे ८७.८६ मीटरांची फेक करून तो ऑलिंपिकसाठी पात्र ठरला, तोपर्यंत जवळजवळ नऊ महिने लोटले होते. २०२३ साली रोहित यादव या दुसऱ्या भारतीय भालाफेकपटूलाही कोपराच्या दुखापतीमुळेच बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेतून माघार घ्यावी लागली. हे दोघे प्रौढ खेळाडू होते, आणि त्यांच्यापाशी तज्ज्ञ वैद्यांचा ताफा होता. गावच्या मैदानावर तेरा-चौदा वर्षांचा जो मुलगा रोज संध्याकाळी पन्नास-साठ वेळा भाला फेकतो, त्याच्या कोपराचे काय होते? हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तरही वेगळे आहे. कारण मुलाचे कोपर ही प्रौढ कोपराची लहान आकाराची प्रतिकृती नसते.

कोपर हा वरवर पाहता बिजागरीचा सांधा आहे. वरून दंडाचे एक हाड येते. कोपर व मनगट यांमधील भागास अग्रबाहू म्हणतात. त्यात दोन हाडे असतात. करंगळीच्या बाजूचे हाड दंडाच्या हाडात बिजागरीसारखे बसलेले असते. अंगठ्याच्या बाजूचे हाड स्वतःभोवती फिरू शकते, आणि म्हणूनच आपल्याला तळहात उताणा-पालथा करता येतो. सांध्याच्या आतील बाजूला, म्हणजे हात शरीरालगत ठेवला असता जी बाजू बरगड्यांकडे येते तेथे, दंडाच्या हाडावर एक उंचवटा असतो. त्यापासून खालच्या हाडापर्यंत एक चिवट पट्टा गेलेला असतो. हा आतील अस्थिबंध. उंचवट्याच्या मागून एक मज्जातंतू जातो. कोपर कशावर तरी आपटले की करंगळीपर्यंत वीज चमकल्यासारख्या झिणझिण्या येतात, त्या याच तंतूच्या.

बिजागरीचे दार उघडमिट करण्यासाठी असते. दाराची फळी धरून कोणी ती बाजूला उचकटू लागला तर दार काही काळ टिकेल; परंतु बिजागरीचे खिळे एक ना एक दिवस ढिले होतील. जोराने फेकताना कोपराची हीच गत होते. फेकीचा जोर पायांपासून सुरू होतो. धावत आलेला खेळाडू पुढचा पाय जमिनीत रोवतो, त्याचा वेग कमरेत, कमरेतून धडात आणि धडातून खांद्यात चढतो. या क्षणी धड पुढे निघालेले असते, भाला मात्र अजून मागेच असतो. मधले कोपर ताणले जाते. त्याची आतील बाजू उघडू पाहते, बाहेरील बाजू चेपली जाते आणि क्षणार्धात हात सरळ होताना कोपराचे मागचे टोक आपल्या खोबणीवर आदळते. ताण, दाब आणि आघात या तीन गोष्टी कोपराच्या तीन बाजूंना एकाच फेकीत घडतात. कोपराच्या बहुतेक सर्व फेक-दुखापतींचा नकाशा या एका वाक्यात सामावलेला आहे.

हा ताण किती असतो, याची मोजमापे प्रामुख्याने बेसबॉल या खेळात झाली. अमेरिकेतील अलाबामा राज्यात ग्लेन फ्लाइसिग यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवान चित्रणाच्या साहाय्याने चेंडू फेकणाऱ्यांच्या, म्हणजे पिचरांच्या, हालचालींचा अभ्यास केला. व्यावसायिक पिचरच्या कोपरावर आतील बाजू उचकटणारा सुमारे ६४ न्यूटन-मीटर इतका पीळ येतो असे त्यांना आढळले. कोपरापासून फूटभर अंतरावर एकवीस किलो वजन आडवे ओढावे, तसा हा प्रकार आहे. दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांत हा आकडा सुमारे २८ भरला. मृतदेहातील आतील अस्थिबंध काढून त्यावर ताण दिला तर तो तीस-पस्तीस न्यूटन-मीटरच्या आसपास तुटतो. म्हणजे प्रौढ खेळाडूच्या प्रत्येक जोरकस फेकीत हा बंध तुटायलाच हवा! तो तुटत नाही, कारण अग्रबाहूचे स्नायू त्याच क्षणी आवळले जाऊन उरलेला भार उचलतात. स्नायू थकले की हा भार पुन्हा बंधावर पडतो. थकलेल्या हाताने फेकणे सर्वांत घातक का, याचे कारण येथे आहे.

आता मुलाकडे वळू. जन्माच्या वेळी दंडाच्या हाडाचे खालचे टोक हाडाचे नसतेच. ते सबंध कूर्चेचे असते. या कूर्चेत व शेजारच्या हाडांच्या टोकांत मिळून सहा ठिकाणी हळूहळू हाड तयार होऊ लागते. साधारणपणे पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आणि अकराव्या वर्षी ही केंद्रे क्ष-किरण चित्रात एकामागून एक दिसू लागतात. मुलींत ती काहीशी लवकर दिसतात. आतील उंचवट्याचे केंद्र पाचव्या वर्षाच्या सुमारास उगवते. परंतु मुख्य हाडाशी ते एकजीव होते सर्वांत शेवटी, मुलग्यांत पंधराव्या ते सतराव्या वर्षी. तोवर दोहोंमध्ये कूर्चेची एक मऊ पट्टी असते. हाडांच्या वाढीचा विचार आपल्या क्रीडाक्षेत्रात मुळीच होत नाही असे नाही. क्रिकेटमध्ये सोळा वर्षांखालील मुलांच्या मनगटाचे क्ष-किरण चित्र आवर्जून घेतले जाते. मात्र ते वयाची चोरी पकडण्यासाठी! त्याच मुलाची कोपरातील पट्टी अजून उघडी आहे, तेव्हा त्याला किती फेकू द्यावे, हा विचार त्या चित्रावरून क्वचितच केला जातो.

भिंतीत ठोकलेली खुंटी आणि तिला बांधलेली दोरी डोळ्यांसमोर आणावी. प्रौढाची भिंत दगडी असते. दोरीला सतत हिसके दिले तर दोरी झिजते. मुलाची भिंत ओली असते. तेथे दोरी शाबूत राहते आणि खुंटी हलू लागते. एकाच हिसक्याने प्रौढाचा अस्थिबंध विरतो आणि मुलाच्या उंचवट्याखालची कूर्चापट्टी रुंदावते. भालाफेकपटूंच्या कोपराच्या या बंधाची दुखापत फिनलंडमधील वारिस या वैद्याने १९४६ सालीच वर्णिली होती. मुलांच्या बाबतीत १९६० साली दोन अमेरिकन क्ष-किरणतज्ज्ञांनी लहान पिचरांच्या चित्रांत हा रुंदावलेला फटीसारखा भाग दाखविला आणि तेथील मुलांच्या बेसबॉल संघटनेच्या नावावरून त्याला ‘लिटल लीग कोपर’ हे नाव पडले. नाव बेसबॉलचे असले तरी दुखणे भालाफेकीतही तेच. चेंडूचे वजन दीडशे ग्रॅमच्या आत असते, तर सतरा वर्षांखालील मुलग्यांचा भाला सातशे ग्रॅमचा असतो.

येथे क्रिकेटचा उल्लेख करणे भाग आहे, कारण आपल्या वाचकाला कोपर म्हटले की सचिन तेंडुलकर आठवतो. त्याचे दुखणे निराळे होते. २००४ साली सुरू झालेले व मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया करावी लागलेले ते ‘टेनिस एल्बो’ कोपराच्या बाहेरील बाजूच्या स्नायुरज्जूचे होते. क्रिकेटच्या गोलंदाजाचे कोपर मात्र बहुधा सुरक्षित राहते. चेंडू टाकताना कोपर पंधरा अंशांहून अधिक सरळ करण्यास नियमाने बंदी आहे. नियम केला गेला तो फेकी गोलंदाजीला आळा घालण्यासाठी; त्याने कोपर आपोआप वाचले. तरुण वेगवान गोलंदाजाची किंमत कोपराऐवजी पाठीचा कणा मोजतो.

आतील बाजूचे दुखणे हळूहळू येते. प्रथम सराव संपल्यावर, मग सरावात, मग पहिल्याच फेकीला. उंचवट्यावर बोटाने दाबले की मुलगा हात मागे घेतो. फेकीचे अंतर चार-पाच मीटरांनी घटते, आणि प्रशिक्षकाला ते आळसाचे लक्षण वाटते. या टप्प्यावर उपाय अगदी साधा आहे. चार ते सहा आठवडे फेक पूर्णपणे बंद करावयाची, या काळात धावणे, पाय व धड यांचे व्यायाम चालू ठेवावयाचे, आणि दुखणे पूर्ण थांबल्यावर हळूहळू फेकीकडे परतावयाचे. पट्टी पुन्हा जुळून येते. वेदनाशामक गोळ्या देऊन स्पर्धेला उतरविणे म्हणजे धोक्याची घंटा वाजू नये म्हणून तिची लोलकाठी काढून ठेवण्यासारखे आहे.

उत्तर भारतात हाड बसविणारे पहिलवान आणि आपल्याकडील हाडवैद्य यांच्यावर लोकांची श्रद्धा मोठी आहे. मुका मार व लचक यांत त्यांच्या हाताला गुण असेलही. परंतु दुखावलेले कोपर जोरजोराने चोळण्याची रीत फार घातक आहे. कोपराभोवतीच्या दुखावलेल्या स्नायूंना चोळले असता त्या स्नायूंतच हाड तयार होण्याची प्रवृत्ती असते आणि सांधा आखडून जातो. हात जन्मभर वाकडा राहिलेले असे रुग्ण भारतातील अस्थिरोग विभागांना अपरिचित नाहीत.

बाहेरील बाजूचे दुखणे अधिक फसवे असते. तेथे दाबामुळे दंडाच्या हाडाच्या गोलसर टोकाचा रक्तपुरवठा अपुरा पडतो. कूर्चा व तिच्याखालचे हाड यांचा लहानसा तुकडा आतल्या आत सैल होऊ लागतो. साधारणपणे अकरा ते सोळा या वयात हे घडते. सुरुवातीला दुखणे फारच थोडे असते. हात पूर्ण सरळ होत नाही एवढीच तक्रार असते, आणि ती कोणी मनावर घेत नाही. तुकडा जागेवर असेतो, व वाढीच्या पट्ट्या उघड्या असेतो, तीन ते सहा महिने फेक बंद ठेवल्यास पुष्कळ मुलांत तो भरून येतो. तुकडा सुटला की मात्र तो सांध्यात हिंडू लागतो. जर्मन वैद्यांनी अशा तुकड्याला ‘सांध्यातला उंदीर’ असे नाव दिले आहे. तो मध्येच अडकला की कोपर कुलूप लागल्यासारखे अडते, आणि मग शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते.

या शस्त्रक्रिया तीन प्रकारच्या, आणि त्यांची गल्लत करू नये. पहिली सर्वांत सुलभ. एखाद्या जोरदार फेकीत आतील उंचवटा तुटून बाजूला सरकला, तर तो जागेवर आणून बारीक स्क्रूने बसवितात. तुटलेला भाग सांध्यात अडकला असेल तर ही शस्त्रक्रिया टाळताच येत नाही. दुसरी दुर्बिणीची. पेन्सिलीहून बारीक नळी सांध्यात घालून सुटे तुकडे काढतात, उघड्या पडलेल्या हाडाला सूक्ष्म छिद्रे पाडून नवा थर येण्यास वाव देतात, आणि खड्डा मोठा असल्यास गुडघ्यातील कूर्चा व हाड यांची लहानशी दंडगोल कलमे आणून तेथे बसवितात. नीरज चोप्राच्या बाबतीत प्रसिद्ध झालेले वृत्तही सांध्यातील असे अडथळा करणारे हाडाचे तुकडे काढल्याचेच होते.

तिसरी शस्त्रक्रिया सर्वांत प्रसिद्ध. टॉमी जॉन हा लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाचा डावखुरा पिचर. १९७४ च्या जुलैमध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्याच्या कोपराचा आतील बंध तुटला. तोवर असा खेळाडू खेळातून कायमचा बाद होत असे. डॉ. फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबर १९७४ रोजी त्याच्या उजव्या अग्रबाहूतील एक स्नायुरज्जू काढून तो डाव्या कोपराच्या हाडांत पाडलेल्या छिद्रांतून ओवला आणि नवा बंध तयार केला. यश मिळण्याची शक्यता शंभरात एक, असे त्यांनी रुग्णाला सांगितले होते. हा रज्जू वाचकाला स्वतःच्या हातावर पाहता येईल. अंगठा व करंगळी यांची टोके जुळवून मनगट किंचित आत वाकवावे. मनगटाच्या मधोमध जी दोरी उठून दिसते ती हीच. काही माणसांत ती नसतेच, आणि त्यांचे काही अडतही नाही. म्हणून तर ती काढून घेता येते. टॉमी जॉन १९७६ मध्ये परतला, १९८९ पर्यंत खेळला आणि शस्त्रक्रियेनंतर त्याने १६४ सामने जिंकले. त्या शस्त्रक्रियेला त्याचेच नाव पडले.

भारताशी तिचा एक चमत्कारिक धागा जोडलेला आहे. २००८ साली एका अमेरिकन स्पर्धेद्वारे भारतात वेगवान चेंडू फेकणारे तरुण शोधण्यात आले. निवडले गेलेले रिंकू सिंग व दिनेश पटेल हे दोघेही उत्तर प्रदेशातील, आणि दोघेही मुळात भालाफेकीचे खेळाडू. पिट्सबर्गच्या संघाने त्यांना करारबद्ध केले. दिनेश लवकर परतला. रिंकूने तेथे काही हंगाम गाजविले. पुढे त्याच्या कोपरावर हीच शस्त्रक्रिया करावी लागली, आणि बेसबॉलच्या सामन्यांत तो पुन्हा दिसला नाही. टॉमी जॉनचे उदाहरण सर्वांना ठाऊक असते, रिंकूचे फारसे कोणी सांगत नाही.

अमेरिकेत या शस्त्रक्रियेविषयी एक विलक्षण समजूत रुजली आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत माध्यमिक शाळांतील निम्म्या खेळाडूंनी असे मत दिले की, दुखापत नसतानाही ही शस्त्रक्रिया करून घ्यावी, म्हणजे फेक सुधारते. पालकांपैकी ३७ टक्के याच मताचे निघाले! २००७ ते २०११ या काळात तेथे झालेल्या अशा शस्त्रक्रियांपैकी निम्म्याहून अधिक पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलांवर झाल्या होत्या. वस्तुस्थिती अशी की, चांगल्या हातांनी शस्त्रक्रिया झाली तरी पूर्वीच्या पातळीवर सुमारे ८३ टक्के खेळाडू परततात, आणि त्यास वर्षभर लागते. उरलेल्या सतरांची गणती कोणी करीत नाही. काहींची फेक नंतर खरोखर वाढते. परंतु ती नव्या रज्जूमुळे वाढत नाही. वर्षभर पाय, धड व खांदा यांचा शिस्तशीर व्यायाम झालेला असतो, आणि मुलगा वर्षाने मोठाही झालेला असतो. हाच व्यायाम शस्त्रक्रियेआधी केला असता तर? शिवाय वाढीची पट्टी उघडी असताना तिच्याजवळ हाडात छिद्रे पाडण्यास जाणकार शल्यविशारद सहसा धजत नाहीत.

मग टाळावे कसे? लहानपणी चिंचेच्या झाडावर दगड भिरकावणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. ती तासन्‌तास फेकतात, पण त्यांच्या कोपराचे दुखणे वैद्यापर्यंत आल्याचे सहसा ऐकिवात नसते. हात दुखला की मूल दगड टाकून देते आणि दुसरा खेळ शोधते. संघटित सरावात हा स्वाभाविक अंकुश निघून जातो. कधी थांबावे हे दुसराच कोणी ठरवितो. म्हणून तेथे मोजणी आवश्यक ठरते. अमेरिकेतील मुलांच्या संघटनेने २००७ पासून दिवसाच्या फेकींवर मर्यादा घातली. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५, नऊ-दहा वर्षांच्यास ७५. जपानमध्ये शालेय बेसबॉलला उत्सवाचे रूप आहे आणि थकल्या हाताने फेकत राहणे तेथे शौर्य मानले जाई. तेथेही २०२० पासून आठवड्याला ५०० फेकींची मर्यादा आली. अलाबामातील अभ्यासांत, वर्षाचे आठ महिन्यांहून अधिक काळ स्पर्धेत फेकणाऱ्या मुलांना शस्त्रक्रियेची वेळ येण्याचा धोका पाचपट, आणि हात थकल्यावरही नेहमी फेकत राहणाऱ्यांना तो छत्तीस पट आढळला. हा दुसरा आकडा प्रत्येक मैदानाच्या फाटकावर लिहून ठेवावा असे प्रस्तुत लेखकास वाटते.

भालाफेकीसाठी असे सर्वमान्य आकडे नाहीत. पण तत्त्व बदलत नाही. पूर्ण धावेच्या, पूर्ण जोराच्या फेकी थोड्या असाव्यात; उरलेला सराव आखूड धावेचा, हलक्या चेंडूचा असावा. प्रौढ पुरुषांसाठी ८०० ग्रॅमचा भाला, तर सतरा वर्षांखालील मुलग्यांसाठी ७०० व मुलींसाठी ५०० ग्रॅमचा ठरलेला आहे. आखाड्यात मोठाच भाला उपलब्ध आहे म्हणून तो बारा वर्षांच्या मुलाच्या हाती देणे हे काटकसरीचे उदाहरण होऊ शकत नाही. वर्षातून सलग दोन-तीन महिने भाला खुंटीला टांगलेला असावा, आणि त्या काळात मुलाने कबड्डी, फुटबॉल, पोहणे काहीही खेळावे.

दुखणे दोन-तीन आठवड्यांत न गेल्यास, कोपर अडत असल्यास, हात सरळ होत नसल्यास किंवा करंगळीत मुंग्या येत असल्यास अस्थिरोगतज्ज्ञाकडे जाण्यास विलंब करू नये. दिल्लीत सफदरजंग रुग्णालयाशी संलग्न असे खेळातील दुखापतींचे सरकारी केंद्र २०१० पासून आहे. हरियाणातील वा पश्चिम उत्तर प्रदेशातील शेतकरी कुटुंबाला ते आवाक्यातले आहे. दोन्ही कोपरांची क्ष-किरण चित्रे घेण्याचा आग्रह धरावा. वाढत्या वयात एकाच कोपराच्या चित्रावरून फट वाढीची की दुखापतीची हे ओळखणे कठीण असते. दुसरे कोपर शेजारी ठेवले की फरक स्पष्ट होतो.

अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झालेल्या मुलाला पहिली फेक करण्यास साधारणपणे चार महिने थांबावे लागते, आणि तीही भाल्याची नसते. पंचेचाळीस फुटांवर उभ्या असलेल्या जोडीदाराकडे हलकेच चेंडू फेकावयाचा, पंचवीस वेळा. मग काही मिनिटे विश्रांती आणि पुन्हा पंचवीस. दुसऱ्या दिवशी फेक नाही. दुखले नाही तर काही दिवसांनी साठ फूट, त्यानंतर नव्वद, मग एकशेवीस. दुखले तर मागच्या अंतरावर परत.